बैठका किती आणि कशासाठी?

पोलीस भरतीची चाहूल लागली की तालुक्याच्या गावातले मैदान पहाटे पाचलाच जागे होते. अंधारातच मुले-मुली डांबरी रस्त्याने धावून येतात, घाम पुसतात आणि मैदानाच्या कडेला रांगेत उभी राहून बैठका मारू लागतात. कुणी शंभर मारतो, कुणी तीनशे. पाचशे मारणाऱ्याकडे बाकीचे आदराने पाहतात. पायात ताकद किती, या प्रश्नाचे उत्तर तिथे आकड्यात दिले जाते आणि तो आकडा बैठकांचा असतो.

आता ज्या चाचणीसाठी हा सगळा खटाटोप चालतो, तिचे स्वरूप पाहू. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यांतले २० गुण लांब धावण्याला आहेत : पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर. उरलेले ३० गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांत समान वाटलेले आहेत. शंभर मीटरचे अंतर बारा ते सतरा-अठरा सेकंदांत संपते. गोळा हातातून सुटेपर्यंतचा खरा जोर तर जेमतेम सेकंदभराचा असतो. म्हणजे पन्नासांतले तीस गुण क्षणिक, उसळत्या जोराचे आहेत आणि तयारीचा जवळजवळ सगळा वेळ मात्र दमाच्या व्यायामाला जातो. कित्येकांची दोन-तीन वर्षे या तयारीत जातात, वयाची मर्यादा जवळ येत जाते, घरचे वाट पाहत असतात. अशा वेळी कोणता व्यायाम पायांना नेमके काय देतो, हे नीट समजून घेणे हा केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

तालमीने काय दिले

जोर-बैठका हा आपल्या शारीरिक शिक्षणाचा पाया आहे. दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला. त्यामागे तालमीत पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हेच ज्ञान होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले आणि कुस्तीला राजाश्रय दिला. त्या वातावरणाने पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव तालमी फुलवल्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव त्याच मातीतून वर आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

बैठकीचे गुण उघड आहेत. तिला साहित्य लागत नाही, जागा हातभर पुरते. खाली जाताना टाचा उचलल्या जातात, गुडघे पुढे येतात, हात झोक्याने मागून पुढे येतात आणि श्वासाला लय सापडते. शेकडो बैठकांनी मांड्यांना दम येतो, गुडघे आणि घोटे मोकळे राहतात, मन चिवट होते. जुन्या निकाली कुस्तीला वेळेचे बंधन नसे. चीतपट होईपर्यंत झुंज चाले. तासभर वाकून, पाय रोवून प्रतिस्पर्ध्याचे वजन अंगावर घेणाऱ्या मल्लाला असाच व्यायाम हवा होता.

गामा पहिलवानाच्या दोन कुस्त्या या संदर्भात आठवतात. १९१० साली लंडनमध्ये पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी त्यांची गाठ पडली. झिबिस्को बचाव धरून मॅटला चिकटून राहिला आणि दोन तासांहून अधिक वेळ झुंजूनही कुस्ती बरोबरीत सुटली. १९२८ मध्ये पतियाळात तेच दोघे पुन्हा भिडले आणि गामांनी एका मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखवले. एका मल्लाच्या पायांत दोन वेगळे गुण हवे असतात, हे या दोन कुस्त्यांवरून दिसते. तासन्‌तास टिकणे हा एक आणि डोळ्याचे पाते लवण्याआधी उसळणे हा दुसरा.

गामा रोज हजारो बैठका मारत, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. पण पतियाळ्याच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात त्यांची म्हणून जपलेली एक वस्तू आहे : गळ्यात अडकवून बैठका मारण्याची, शंभर किलोच्या घरातली जड हसली. तालमीला वजनाचे वावडे नव्हतेच. जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका मारणे, दगडी नाल उचलणे, मुद्गल आणि गदा फिरवणे हे सारे तिथे होते. लोकांच्या आठवणीत मात्र हसली मागे पडली आणि बैठकांची संख्या तेवढी उरली.

दम, ताकद आणि उसळी

इथे तीन शब्द वेगळे करून घेतले पाहिजेत. मध्यम जोर बराच वेळ लावत राहणे म्हणजे दम. एकदाच, पण जास्तीत जास्त जोर लावणे म्हणजे ताकद. आणि तो जोर कमीत कमी वेळात लावणे म्हणजे शास्त्रज्ञ ज्याला शक्ती म्हणतात ती. आपण तिला उसळी म्हणू. शक्ती हा बल आणि वेग यांचा गुणाकार असतो. दोहोंपैकी एक जरी फार तोकडा असला तरी गुणाकार लहान येतो.

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवर केलेल्या प्रयोगांतून या नात्याचे गणित मांडले. स्नायू जितका वेगाने आखडतो तितका कमी जोर देऊ शकतो आणि जितके जड वजन उचलतो तितका सावकाश आखडतो. सर्वांत जास्त शक्ती मिळते ती या दोन टोकांच्या मध्ये, साधारण कमाल जोराच्या एक-तृतीयांशाजवळ. खिळा ठोकणाऱ्याला हे अनुभवाने ठाऊक असते. घण उचलला तर हात वेगाने फिरत नाही आणि चमच्याने ठोकले तर वेग असूनही खिळा जागचा हलत नाही. पण कमाल जोर वाढला की त्याचा तिसरा हिस्साही वाढतो. म्हणून ज्याला वेगाने उसळायचे आहे, त्यालाही आधी जड वजनाशी ओळख करून घ्यावी लागते.

दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. अमेरिकेतील हार्वर्डचे एलवुड हेनेमन यांनी दाखवून दिले की स्नायूंतले तंतू एका ठरावीक क्रमाने कामाला लागतात. लहान, सावकाश आणि न थकणारे आधी. मोठे, जलद आणि लवकर थकणारे शेवटी. जोराची मागणी वाढल्याखेरीज मोठ्या तंतूंना हाक जात नाही. ज्याला दोनशे बैठका सहज जमतात, त्याच्या पहिल्या दीडशे बैठका बहुतांशी लहान तंतूंच्या जिवावर होतात. मोठे तंतू शेवटी जागे झाले तरी तोवर पाय दमलेले असतात आणि हालचाल मंदावलेली असते. शंभर मीटरच्या शर्यतीत मात्र पहिल्याच पावलाला त्या मोठ्या तंतूंची गरज असते.

तिसरी गोष्ट वेळेची. भरधाव धावताना पाय जमिनीला टेकतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. स्नायूला पूर्ण जोर उभा करायला त्याच्या तिप्पट किंवा अधिक वेळ लागतो. म्हणजे कितीही ताकद असली तरी ती पूर्ण वापरायला सवड नसते. त्या अत्यल्प वेळात किती जोर उभा राहतो, यावर सगळे ठरते. पीटर वेयांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली केलेल्या अभ्यासात याचा पडताळा आला. वेगवान आणि संथ धावपटू आपापल्या कमाल वेगाने धावताना पाय हवेतून पुढे आणायला जवळजवळ सारखाच वेळ घेत होते. वेगवान धावपटू जमिनीला अधिक जोराने रेटत होते, हाच काय तो मोठा फरक. ‘पाय पटापट उचल’ ही मैदानावरची आरोळी म्हणूनच अपुरी आहे. जमिनीला दिलेला रेटा महत्त्वाचा.

वजन : किती आणि कसे

वजनाच्या व्यायामाला शास्त्रीय शिस्त आली ती दुसऱ्या महायुद्धात. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरकडे गुडघे आणि पाय जायबंदी झालेले सैनिक येत. त्या काळी अशा रुग्णांना हलका, पुन्हा पुन्हा करायचा व्यायाम देत. डीलॉर्मनी त्यांना जड वजन द्यायला सुरुवात केली आणि ताकद वाढेल तसे वजन वाढवत नेले. सैनिक लवकर बरे होऊ लागले. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आधी ते दहा-दहा वेळांचे सात ते दहा सेट सांगत. १९४८ पर्यंत तीन सेट पुरेसे आहेत, अशा निष्कर्षाला ते आले. जगभरच्या जिममध्ये आज चालणारी ‘तीन सेट, दहा वेळा’ ही प्रथा तिथून आली.

निव्वळ ताकदीसाठी आज याहून जड वजन आणि कमी संख्या घेतात : तीन ते सहा वेळा, तीन ते पाच सेट आणि मध्ये दोन-तीन मिनिटांची पुरती विश्रांती. बार्बेल खांद्यावर घेऊन केलेली बैठक, म्हणजे स्क्वॉट, मांड्यांचा पुढचा भाग आणि नितंब यांना घडवते. जमिनीवरून वजन उचलण्याची डेडलिफ्ट पाठ, नितंब आणि मांडीची मागची बाजू बळकट करते. धावणे आणि बहुतेक उड्या एकेका पायावर होतात. म्हणून मागचा पाय कट्ट्यावर ठेवून पुढच्या पायावर बैठक मारणे किंवा वजन घेऊन उंच पायरीवर चढणे यांनाही तितकेच मोल आहे. त्यांत पाठीवर कमी भार येतो आणि डावा-उजवा फरकही लगेच कळतो.

पुरेपूर खाली बसले की गुडघे झिजतात, ही भीती आपल्याकडे जिममधूनच पसरली. तिचे मूळ १९६१ साली टेक्सासच्या कार्ल क्लाइन यांनी मांडलेल्या मतात आहे. खोल बैठकीने गुडघ्याचे अस्थिबंध सैल पडतात, असे ते म्हणाले. नंतरच्या संशोधकांना तसे आढळले नाही. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये, या नियमाचीही तीच गत. २००३ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात फळी आडवी ठेवून गुडघे पुढे जाण्यापासून रोखले, तेव्हा गुडघ्यावरचा भार सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाला. पण कंबरेच्या सांध्यावरचा भार दसपटीने वाढला आणि धड पुढे झुकले. आपल्या देशी बैठकीत गुडघे पुढे जातातच आणि उकिडवे बसणे हा तर आपला रोजचा व्यवहार होता. निरोगी गुडघ्याला खोलीची भीती नाही. सवय नसताना अचानक वाढवलेल्या वजनाची आणि संख्येची आहे. एका दिवसात शंभरावरून पाचशेवर गेलेली बैठक गुडघा दुखवू शकते. गुडघा सुजत असेल किंवा अडकत असेल, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

उडीचे शास्त्र

ताकद कमावली म्हणजे उसळी आपोआप येतेच असे नाही. बेचकीचे रबर आधी ताणावे लागते. ताणून तसेच धरून ठेवले तर हात थरथरतो आणि नेमही जातो. स्नायू आणि कंडरा यांचेही काहीसे तसेच आहे. झटक्यात ताणून लगेच सोडले तर साठलेला जोर परत मिळतो. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी साठच्या दशकात यावर आधारलेली पद्धत विकसित केली. ठोकळ्यावरून खाली उतरायचे आणि पाय टेकताक्षणी वर झेप घ्यायची. १९७५ साली अमेरिकेच्या फ्रेड विल्ट यांनी अशा व्यायामांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिले.

वेर्खोशान्स्कींची ठोकळ्यावरून घ्यायची उडी मुळात कसलेल्या खेळाडूंसाठी होती. नवशिक्याने जागेवरून लांब उडी, जागेवरून उंच उडी, दोरीवरच्या उड्या आणि चढावर वीस-तीस मीटर धाव इथूनच सुरुवात करावी. उड्या मऊ मातीवर, पाय ताजे असताना आणि मोजक्या घ्याव्यात : पाच-पाचचे तीन-चार सेट, मध्ये विश्रांती. दमलेल्या पायांनी पन्नास उड्या मारल्या की तो पुन्हा दमाचाच व्यायाम होतो. प्रत्येक उडी पहिल्या उडीइतकी लांब पडली पाहिजे. ती आखूड पडू लागली की त्या दिवसापुरते थांबावे.

धावणाऱ्यांच्या मांडीची मागची बाजू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, बहुधा दुर्लक्षित राहते. बैठकीत तिच्या वाट्याला फारसे काम येत नाही आणि नेमक्या भरधाव शर्यतीत ती ओढली जाते. जोडीदाराने घोटे धरायचे, गुडघ्यांवर उभे राहून धड ताठ ठेवत हळूहळू पुढे झुकायचे, एवढाच एक व्यायाम आहे. त्याला नॉर्डिक म्हणतात. डेन्मार्कमध्ये फुटबॉलच्या ५० संघांवर याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. हा व्यायाम केलेल्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या १५ दुखापती झाल्या, न केलेल्या संघांत ५२. कबड्डी, खो-खो आणि भरतीच्या मैदानावर या बिनखर्ची व्यायामाला जागा मिळायला हवी. सुरुवात मात्र आठवड्यातून एकदा, चार-पाच वेळा इतकीच; नाहीतर दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

धावणेही आणि वजनही

मग १६०० मीटरचे काय? वजन उचलले की अंग जड होते आणि दम कमी पडतो, अशी समजूत आहे. तिच्यात तथ्याचा अंश आहे, पण तो उलट बाजूने. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० साली तीन गटांना दहा आठवडे शिकवले : एकाला फक्त ताकदीचा व्यायाम, दुसऱ्याला फक्त दमाचा, तिसऱ्याला दोन्ही भरपूर. तिसऱ्या गटाचा दम चांगला वाढला. त्यांची ताकद मात्र काही आठवडे वाढून मग अडली आणि शेवटी घसरली. रोज दमवणारे धावणे ताकदीच्या आड येते, असा त्याचा अर्थ.

दुसरीकडे, फिनलंडच्या लीना पावोलाइनेन यांनी १९९९ मध्ये पाच किलोमीटरच्या धावपटूंवर प्रयोग केला. एका गटाच्या सरावाचा सुमारे तिसरा हिस्सा काढून तिथे उड्या, छोट्या धावा आणि हलक्या वजनाचे वेगवान व्यायाम घातले. नऊ आठवड्यांत त्या गटाची पाच किलोमीटरची वेळ सुधारली. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली नव्हती. प्रत्येक पाऊल कमी खर्चात पडू लागले होते. म्हणजे लांब धावणाऱ्यालाही पायांतल्या उसळीचा लाभ होतो, फक्त तिच्यासाठी धावण्यातला थोडा वाटा सोडावा लागतो.

तालुक्याच्या मैदानावर बार्बेल नसते, हे खरे. पण खताच्या रिकाम्या गोणीत वीस किलो वाळू भरून ती छातीशी कवटाळली की बैठकीला वजन मिळते आणि पाठही ताठ राहते. शाळेच्या व्हरांड्याची पायरी, देवळाचा कट्टा, गावामागची टेकडी आणि आपल्याच वजनाचा जोडीदार हेही आहेतच. आठवड्यातले दोन दिवस, मध्ये दोन-तीन दिवसांचे अंतर ठेवून, आधी उड्या, मग जड बैठका आणि एका पायाचे व्यायाम, शेवटी नॉर्डिक. बाकीच्या दिवशी धावणे आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. एवढे दोन-तीन महिने नेटाने केले तर पायांतला फरक जाणवतो. मोजमापही सोपे आहे. फक्कीची रेघ मारावी आणि जागेवरून घेतलेली लांब उडी दर पंधरा दिवसांनी टेपने मोजून वहीत लिहावी. बैठकांच्या संख्येपेक्षा ही नोंद शंभर मीटरविषयी अधिक खरे सांगेल.

मुलींच्या बाबतीत ‘वजन उचलू नकोस’ हा सल्ला अजूनही घरातून येतो. ऑलिंपिकमध्ये महिलांचे भारोत्तोलन पहिल्यांदा झाले ते २००० साली, सिडनीत. त्याच स्पर्धेत कर्णम मल्लेश्वरी यांनी कांस्यपदक मिळवले आणि ऑलिंपिक पदक जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. टोकियोत मीराबाई चानू यांनी ४९ किलो गटात रौप्य मिळवले. आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळा यांची तयारी करणाऱ्या मुलीला वाळूची गोणी नाकारण्याला काहीही शास्त्रीय आधार नाही.

हा विषय तरुणांपुरताही नाही. वय वाढते तसे जलद तंतू आधी आणि अधिक झिजतात. ठेच लागताच पाय झटकन पुढे टाकून तोल सावरणे हे त्यांचेच काम. बोस्टनच्या डॉ. मारिया फिआटारोने यांनी १९९० साली एका वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड व्यायाम दिला. त्यांचे सरासरी वय ९० होते. पायांची ताकद सरासरीने १७४ टक्के वाढली. काठी घेऊन चालणाऱ्यांपैकी दोघांनी ती बाजूला ठेवली.

बैठक कालबाह्य झालेली नाही. अंग गरम करायला, सांधे मोकळे ठेवायला आणि दम कमवायला ती आजही उत्तम आहे. गामांच्या हसलीसारखे वजन तिच्यावर आले की ती ताकदही देते आणि खालून झेप घेऊन वर आले की उसळीही. मैदानावरच्या मुलाने सकाळी स्वतःला ‘आज किती मारल्या’ हे जरूर विचारावे. पण त्याआधी ‘आज कशासाठी’ हे ठरवलेले असावे. त्याच्या पन्नासांतले तीस गुण त्या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहेत.